हिमसीमेवरचं लाकूडतोडीचं गाव कसं उभं करावं: नव्या लेखकांसाठी आणि खेळ चालवणाऱ्यांसाठी

फँटसी कथेत किंवा टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग खेळात गोठलेल्या सीमेवरचं गाव घ्यायचं ठरलं की बहुतेक नवे लोक एकच चित्र काढतात: थंडी शत्रू, शेकोटी मित्र, आणि सगळे वसंताची वाट बघतायत. लाकूडतोडीच्या गावाला हे चित्र लागू पडत नाही. इथे थंडी हाच रस्ता आहे. जमीन गोठली, दलदल टणक झाली, नदीवर बर्फ धरला, तरच ओंडके जंगलाबाहेर येतात. गाव घाबरतं ते अवेळी पडलेल्या उबेला. एवढी एक गोष्ट पक्की धरली की बाकीचं गाव आपोआप जागेवर बसू लागतं.

सुरुवातीला शब्दांचं एक काम उरकून घ्या. आपण मराठीत आभाळातून पडणाऱ्या भुसभुशीत थरालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्या टणक थरालाही. या गावात हे दोन्ही वेगळे ठेवावेच लागतात, कारण एक दुसऱ्याच्या मुळावर येतो. पुढे सगळीकडे पडणारं ते हिम आणि गोठलेलं ते बर्फ.

पायरी १: गावाआधी नदी काढा

५ मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर व्यासाचा ताजा ओंडका साधारण ०.६३ घनमीटर भरतो. ताज्या स्प्रूस किंवा पाइनचं (दोन्ही सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं) वजन घनमीटरला ८५० किलोच्या आसपास धरलं तर एकच ओंडका ५३० किलोंचा झाला. असे हजारो ओंडके गाड्यांवर घालून महिनाभराच्या वाटेवरच्या शहरात नेणं कोणालाही परवडत नाही. ते पाण्यानेच जातात. म्हणून कागदावर पहिली रेघ नदीची असावी. डोंगरउतारावरच्या घसरगाड्यांच्या (बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाड्यांच्या) वाटा जिथे एकत्र येऊन सपाट, रुंद काठाला भिडतात, तिथे गाव ठेवा. काठ उभ्या कड्याचा असेल तर ओंडके रचता येत नाहीत, आणि फार उथळ असेल तर पूर ते जंगलात परत ढकलतो.

नदीची दिशा विचार करून ठरवा. नदी उबदार प्रदेशातून थंड प्रदेशाकडे वाहत असेल तर वसंतात वरच्या अंगाचा बर्फ आधी फुटतो आणि खालच्या, अजून गोठलेल्या पात्रावर येऊन आदळतो. सायबेरियातल्या लेना आणि कॅनडातल्या मॅकेन्झी नदीवर यामुळेच वसंतात बर्फाचे बांध तयार होऊन पूर येतात. तुमची नदी अशी असेल तर जुनी घरं उंच धक्क्यावर आणि नव्याने आलेल्यांच्या झोपड्या खाली काठाला दाखवा. कोण किती वर्षांचा रहिवासी आहे हे वाचकाला घराच्या उंचीवरूनच कळेल.

नदीत मोठे धबधबे आणि खडकाळ वळणं असतील तर पूर्ण ओंडके फुटतात नाहीतर अडकतात. १९ व्या शतकात हिमालयातला देवदार रेल्वेच्या स्लीपरच्या मापाचा कापून मगच नदीत सोडत. तुमच्याकडेही अशी नदी असेल तर करवतीचं काम वर जंगलातच दाखवा, गावात नको.

पायरी २: झाड कोणतं, आणि ते संपायला किती वर्षं?

सगळी लाकडं तरंगत नाहीत. स्प्रूस आणि पाइन चांगले तरंगतात. लार्च जड असतो, ताजा तोडून सोडला तर बरेच ओंडके तळाशी जातात. बर्च पाणी पिऊन बुडतो. तुमच्या जगातलं सर्वांत मौल्यवान झाड बुडणारं ठेवलंत तर गावाला एक कायमची अडचण आणि एक कायमचा धंदा मिळतो: ते वर्षभर वाळवणं, किंवा हलक्या ओंडक्यांना बांधून तराफ्याने नेणं. नदीच्या तळाशी पडलेले जुने ओंडके थंड पाण्यात दीर्घकाळ टिकतात. तळ ढवळून जगणारी माणसं त्यामुळे पटण्यासारखी होतात.

आता एक हिशेब मांडू, पुढे तोच वापरायचा आहे. १२० तोडकरी आणि ४० घोडे असलेलं गाव वर्षाला १५,००० घनमीटर लाकूड काढतं असं धरा. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात हेक्टरी १०० ते २०० घनमीटर उभं लाकूड सापडतं. मधला आकडा घेतला तर दर वर्षी १०० हेक्टर, म्हणजे एक चौरस किलोमीटर जंगल साफ. तिथली वाढ हेक्टरी वर्षाला एक-दोन घनमीटरच असते, त्यामुळे तोडलेला तुकडा पुन्हा हाताला यायला शंभर वर्षं लागतात. गावाजवळ जंगल उरत नाही. तीस वर्षांच्या गावाभोवती खुंटांचं माळरान असतं आणि तोडीच्या छावण्या काही किलोमीटर लांब सरकलेल्या असतात. गावाच्या वेशीलाच घनदाट अरण्य दाखवायचं असेल तर गाव पाच वर्षांच्या आतलं ठेवा.

पायरी ३: बर्फ किती जाड हे मोजा

इथे थोडं गणित करा. कथेतला सगळा ताण इथूनच निघतो.

एकसंध, स्वच्छ बर्फ किती वजन पेलेल याचा सोपा अंदाज असा: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, त्याला ४ ने गुणा, उत्तर किलोत. १० सेंटिमीटरला ४०० किलो, २० ला १,६००, ३० ला ३,६००, ४५ ला ८,१००. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते. हिम भिजून गोठलेला पांढरा, दुधाळ बर्फ मात्र निम्म्याच ताकदीचा धरायचा.

घसरगाडीवर दहा ओंडके म्हणजे ५.३ टन. गाडी एक टन, घोड्यांची जोडी १.४ टन. एकूण ७.७ टन, म्हणजे ४५ सेंटिमीटर बर्फ हवाच.

तो किती दिवसांत तयार होतो? रोजचं सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, त्यांची बेरीज करत जा. त्या बेरजेचं वर्गमूळ काढून, हिमाने झाकलेल्या शांत तळ्यासाठी सुमारे २ ने आणि वाहत्या नदीसाठी सुमारे १.५ ने गुणलं की जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते. सरासरी उणे २० अंश असेल तर तळ्यावर ४५ सेंटिमीटर बर्फ २५ दिवसांत धरतो, नदीवर ४५ दिवसांत. म्हणजे थंडी पडल्यावरही तळ्यावरून गाड्या चालू आणि नदी अजून बंद असे तीन आठवडे मिळतात. घाई करणारा माणूस याच तीन आठवड्यांत मरतो.

हिम इथे वैरी ठरतं. ते पांघरुणासारखं बर्फावर पसरतं, खालचं पाणी उबदार ठेवतं आणि बर्फ वाढू देत नाही. म्हणून माणसं वाट झाडून किंवा तुडवून ठेवतात, भोकं पाडून पाणी वर काढतात आणि ते थरावर थर गोठवतात. प्रवाहाच्या वळणावर, ओढा मिळतो तिथे आणि पुलाच्या खांबांभोवती बर्फ पातळच राहतो. भरलेली गाडी रात्रभर एका जागी उभी केली तर थर हळूहळू खचतो. वेगाने हाकली तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि काठाजवळ तडा जातो. गाड्यांत अंतर ठेवायचं ते याचसाठी.

पायरी ४: घसरगाडीची वाट

वाट नुसत्या हिमावरून नसते. उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोडीत रात्री पाण्याची टाकी घसरगाडीवर घालून वाटेवर पाणी शिंपडत आणि गाडीखालच्या घसरपट्ट्यांसाठी दोन बर्फाळ चाकोऱ्या बनवत. त्या चाकोरीत घोड्यांची एक जोडी रस्त्यावर ओढता येणार नाही एवढा भार ओढते. घोड्यांच्या नालांना मात्र टोकदार खिळे लागतात.

भरली गाडी नेहमी उताराला किंवा सपाटीला, रिकामी चढाला, हा नियम मोडू नका. उतार तीव्र झाला की चाकोरीत गवत किंवा वाळू टाकतात, नाहीतर पाच टनांचा भार घोड्यांच्या अंगावर जातो. उतारावर गवत टाकणाऱ्या पोराचं काम सगळ्यांत हलकं समजलं जातं, पण गाडीवानाचा जीव त्याच्याच हातात असतो. नवख्या पात्राला हे काम द्या. जास्त गवत टाकलं तर गाडी अडते आणि मागची रांग खोळंबते, कमी टाकलं तर काय होतं ते वर आलंच.

पायरी ५: प्रत्यक्ष तोड

करवत आहे की नुसती कुऱ्हाड, हे आधी ठरवा. उत्तर अमेरिकेतही १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उभं झाड पाडायला मुख्यतः कुऱ्हाडच चाले. दोघांची आडवी करवत दिलीत तर एक गोष्ट लक्षात ठेवा: दोघेही फक्त ओढतात, ढकलत कोणीच नाही. ढकललं की पातं वाकतं. राळेने पातं चिकटू लागलं की त्यावर टर्पेंटाइनसारखं पातळ तेल शिंपडतात.

तोडीचा क्रम असा. पहिल्यांदा हिम खणून बुंध्यापासून मागे तिरकी पळवाट साफ करायची, आणि ही वाट कुऱ्हाड उचलण्याआधी हवी. मग वर बघायचं: अर्धवट तुटून लटकलेल्या सुक्या फांद्या पहिल्या हादऱ्याला खाली येतात. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला व्यासाच्या पाव ते एक तृतीयांश खोल खाच, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या झाडाला १० ते १३ सेंटिमीटर. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आडवा काप. दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, इथे ४ सेंटिमीटर, लाकडाची पट्टी न कापता सोडायची. ती बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. मागच्या कापात पाचर ठोकली की करवत अडकत नाही.

कडक थंडीत ही बिजागरी वाकण्याआधीच तटकन तुटते आणि झाड मनाला येईल तिकडे जातं. कललेलं गोठलेलं झाड कधी उभं चिरतं आणि मागचा अर्धा भाग तोडणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर उसळतो. लोखंडही ठिसूळ होतं. गोठलेल्या गाठीवर पातळ धारेची कुऱ्हाड मारली तर धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडा उडतो. म्हणून हिवाळ्यात धार जाड ठेवतात आणि सकाळी पातं शेकोटीजवळ कोमट करतात. थेट आगीत धरलं तर पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं आणि कुऱ्हाड कायमची मऊ होते.

एक छोटा तपशील वाचकांना फार आवडतो: झाड हिमाच्या पातळीवर कापलं जातं. उन्हाळ्यात पुरुषभर उंचीचे खुंट दिसले की त्या हिवाळ्यात हिम किती साचलं होतं ते कळतं. रात्री कडाका वाढला की उभी झाडं बंदुकीच्या बारासारख्या आवाजाने तडकतात. भुताखेतांच्या गोष्टी रुजवायच्या असतील तर इथे रुजवा.

पायरी ६: पोट, चारा, सरपण

दिवसभर थंडीत तोड करणाऱ्याला ५,००० किलोकॅलरी धरा. त्याचा साधा हिशेब: ८०० ग्रॅम पीठ, २५० ग्रॅम सुकं कडधान्य, १५० ग्रॅम चरबी. म्हणजे माणशी १.२ किलो. १२० माणसं, १८० दिवस: सुमारे २६ टन.

आता घोडे. ७०० किलोंच्या कामकरी घोड्याला रोज १० किलो गवत आणि ६ किलो ओट. ४० घोडे, १८० दिवस: ११५ टन. जनावरं माणसांच्या चौपटीहून जास्त खातात! या गावातली सर्वांत मोठी इमारत म्हणूनच गवताची कोठी असते. खलनायकाला जाळायला घर शोधत असाल तर तेच शोधा. घोड्यांऐवजी दुसरा कल्पित प्राणी घेतलात तरी हा हिशेब चुकवू नका.

जंगलात राहून सरपणाचा तुटवडा पडतो, हे नवख्यांना पटत नाही. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाणी असतं. ते धुमसतं, ऊब देत नाही आणि धुरांड्यात काजळीचा चिकट थर चढवतं, जो एके दिवशी पेटतो. सरपण वर्षभर आधी चिरून वाळवावं लागतं. तशी सोय नसेल तर उभी सुकलेली झाडं शोधायची. गावात कोणाकडे दोन हिवाळ्यांचं वाळलेलं सरपण आहे, यावरून त्याची श्रीमंती ठरते.

ताजं अन्न नाही म्हणजे एक ते तीन महिन्यांत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग: हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात. १५३५-३६ च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेकजवळ अडकलेल्या जाक कार्तिये या फ्रेंच दर्यावर्द्याच्या माणसांना तिथल्या मूळ रहिवाशांनी सूचिपर्णी झाडाच्या पाला-सालीचा काढा देऊन वाचवलं होतं. तुमच्या गावातही औषध दाराशीच उभं असेल. ते कोणाला माहीत आहे, हा प्रश्न कथेचा.

कपड्यांबद्दल एकच: घाम मारतो. काम सुरू करायच्या आधी एक थर काढायचा, थांबल्याबरोबर घालायचा. छावणीत चुलीभोवती ओल्या मोज्यांच्या दोऱ्या नसतील तर ती छावणी खोटी वाटते. आणि दारूने ऊब येते ती फक्त वाटते, अंगातली उष्णता उलट कातडीवाटे बाहेर जाते.

पायरी ७: माणसं आणि वह्या

पाणचक्कीवरची करवत हिवाळ्यात गोठते. त्यामुळे गावात तीन हंगामांची तीन वेगळी माणसं येतात: हिवाळ्यात तोडकरी आणि गाडीवान, वसंतात ओंडके वाहून नेणारे नदीवाले, उन्हाळ्यात गिरणीवाले. नदीवाले बुटांना खिळे लावून वाहत्या ओंडक्यांवर चालतात, हातात आकडा बसवलेला लांब दांडा असतो आणि मजुरी सगळ्यांत जास्त. अडकलेल्या ढिगातला एक ओंडका सुटला की सगळा ढीग एकदम धावतो. तो ओंडका शोधायला जाणारा परत येईलच असं नाही. अशा जागेला नाव द्याच. नकाशावर नुसतं ‘अडकण’ लिहिलं तरी पुरे.

पैशाची व्यवस्था सरळ ठेवा: टोळी, तिचा मुकादम, हंगामाआधी उचल, आणि ठेकेदाराच्याच दुकानातून सामान. हिशेब ओंडक्यांच्या मापावर होतो, म्हणून माप घेणारा कारकून हा गावातला सर्वांत सत्ताधारी साधा माणूस. प्रत्येक मालकाचा शिक्का हातोड्याने ओंडक्याच्या टोकावर उमटवतात, कारण खाली वखारीत सगळ्यांचे ओंडके एकत्र पोचतात. चोर काय करतात? शिक्क्याची चकती कापून टाकतात आणि आपला शिक्का मारतात. मूळ लांबीपेक्षा बोटभर आखूड ओंडका हा चोरीचा पुरावा.

पायरी ८: जादू आणि श्वापदं

अग्निविद्या जाणणारा माणूस अशा गावात तारणहार दाखवतात. खरं तर वाटेच्या आसपास त्याला कोणी फिरकू देणार नाही. इथे मोल आहे ते गारवा धरून ठेवणाऱ्याला. वितळणीच्या दिवसांत नदीचा बर्फ दहा दिवस जास्त टिकवणारी म्हातारी ठेकेदारापेक्षा मोठी असामी असेल. जादू घालताना तिची किंमत ओंडक्यांत मोजा: एका दिवसाच्या गारव्याने किती फेऱ्या जास्त झाल्या, आणि बदल्यात तिला काय द्यावं लागलं?

श्वापदांनाही पोट असतं. मांसाहारी प्राण्यांचा ढोबळ हिशेब असा की ९० किलो मांसभक्षकामागे सुमारे १०,००० किलो भक्ष्य त्या प्रदेशात जिवंत असावं लागतं. ९०० किलोंचा एक हिमराक्षस म्हणजे एक लाख किलो भक्ष्य, म्हणजे ५०० किलोंची २०० मूस हरणं. जंगल तोडत गेलात की ती पांगतात. मग तो गवताच्या कोठीशेजारच्या घोड्यांकडे येतो, आणि हल्ल्याला कारण मिळतं.

पायरी ९: शेवटचे तीन आठवडे खेळवा

१५,००० घनमीटर म्हणजे सुमारे २४,००० ओंडके, २,४०० फेऱ्या. ९० दिवसांच्या वाहतुकीत रोज २७ फेऱ्या, म्हणजे १४ जोड्यांच्या जवळजवळ दोन-दोन. उरलेल्या सहा जोड्या जंगलात ओंडके वाटेपर्यंत खेचतात. खेळ चालवणाऱ्यांनी शेवटच्या तीन आठवड्यांच्या सुरुवातीला ३२० फेऱ्या बाकी ठेवाव्यात आणि रोज सहा बाजूंचा एक फासा टाकावा.

पहिला आठवडा: १ पडला तर वाट बंद, २ किंवा ३ ला फक्त रात्रीची वाहतूक, १३ फेऱ्या, त्यावर पूर्ण २७. दुसरा आठवडा: १-२ बंद, ३-४ रात्रीची, ५-६ पूर्ण. तिसरा आठवडा: १-३ बंद, ४-५ रात्रीची, ६ पूर्ण. फासे सरासरी पडले तर साधारण २८० फेऱ्या होतात. उरलेल्या ४० कशा काढायच्या हे खेळाडूंनी ठरवायचं: गाडीवर बारा ओंडके घालायचे, पातळ झालेल्या नदीवरून जवळची वाट धरायची, की म्हातारीच्या दारात जायचं. जास्त भार घातला तर पायरी ३ चं सूत्र काढा आणि त्या दिवशीची जाडी त्यांना आधी सांगा. आकडा माहीत असताना घेतलेला निर्णय जास्त घाम फोडतो.

मागे राहिलेले ओंडके वाया गेले असं लगेच जाहीर करू नका. ते जंगलात उन्हाळा काढतात. सालीखाली किडे शिरतात, लाकडावर निळी बुरशी चढते, आणि तुळईच्या भावाचा माल पुढच्या वर्षी खोक्यांच्या भावात मोजला जातो. कारकून तो आकडा वहीत लिहितो, आणि टोळीची उचल फिटायची राहते.